जाखाईच्या राईतली मोजणी

"राईत बोलायचं नाही," इंगवले सर म्हणाले. "आणि मला मामा म्हणायचं नाही. सगळं गाव सर म्हणतं, तुम्हीही सरच म्हणा."

मी मान हलवली. लग्नाला चार वर्षं होऊन गेल्यावर सासऱ्यांनी माझ्याशी बोललेली ही पहिली वाक्यं. आदल्या संध्याकाळी मी पाया पडायला वाकलो तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले होते आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं होतं.

नुकतं फटफटलं होतं. हातकुळे गावाच्या वरच्या अंगाला जाखाईची राई आहे, साठ-पासष्ट एकरांचं जुनं रान. देवीचं म्हणून तिथं कुणी कुऱ्हाड लावलेली नाही. चैत्र लागला होता. कोशिंबाची पालवी लालभडक झाली होती, अंजनीच्या खोडांवर निळीजांभळी फुलं चिकटली होती, आणि पायाखाली पाचोळा इतका वाळलेला की सरडा गेला तरी कळावा. सर पुढे निघाले. गळ्यात दुर्बीण, काखेत लांबडी वही, हातात काठी. मी मागून.

ही गोष्ट तेवीस वर्षांपूर्वीची. गणपतराव इंगवले गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. दर चैत्रात पाडव्यानंतरच्या तीन सकाळी ते राईतले पक्षी मोजायचे आणि वहीत लिहायचे. एकतीस वर्षं, एकदाही खंड नाही. वैजयंती त्यांची एकुलती एक मुलगी. तिनं माझ्याशी, म्हणजे श्रीधर लोहाराशी, नोंदणी लग्न केलं त्या दिवसापासून घरात तिचं नाव निघायचं बंद झालं. आमची मुलगी सात महिन्यांची झाली तेव्हा मामींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सरांना न विचारता आम्हाला पाडव्याला बोलावून घेतलं. आम्ही आलो. सरांनी आम्हाला हाकलून दिलं नाही, एवढंच. नातीकडे त्यांनी मान वळवून पाहिलंही नव्हतं.

मोजणीला मला धाडलं तेही मामींनीच. "मागल्या महिन्यात गव्याच्या पुढ्यात गेले हे," त्या मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या होत्या. "गवा पाचोळा तुडवत येतो, खालच्या वाटेवरच्या माणसाला ऐकू जातं. ह्यांचं ध्यान कुठं असतं कुणास ठाऊक. दरवर्षी यल्लाप्पा असायचा सोबतीला. तो मार्गशीर्षात गेला. एकटं नका सोडू त्यांना, श्रीधरराव. बोलतील काहीबाही, मनावर घेऊ नका."

यल्लाप्पा कांबळे म्हणजे गावचा पोस्टमन. त्याच्याबद्दल मला तेव्हा एवढंच ठाऊक होतं.

यंदाच्या मोजणीवर बरंच काही अवलंबून होतं. राईच्या डोक्यावर कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार आहे. तिथं बॉक्साइटची खाण काढायला एक कंपनी आली होती आणि खाणीचा रस्ता राईच्या मधून जाणार होता. सरांनी विरोधात अर्ज केला होता आणि अर्जाला एकतीस वर्षांच्या वह्या जोडायच्या होत्या. तिसऱ्या सकाळी वनखात्यानं नेमलेल्या एक अभ्यासक बाई येऊन सरांबरोबर राईत फिरणार होत्या. कंपनीचाही माणूस येणार होता.

तासभर आम्ही एक शब्द न बोलता चाललो. सर मधेच थांबत, दुर्बीण लावत, वहीत दोन अक्षरं टिपत. मी खांद्यावरून डोकावून बघत होतो. हळद्या २. कुरटुक ४. कोतवाल ३. अक्षर सुरेख होतं, शाळेच्या फळ्यावरचं असावं तसं.

मग डोक्यावरच्या जांभळीत निखारांचा थवा उतरला. निखार हा चिमणीएवढा पक्षी, नर विस्तवासारखा, आणि आवाज सुईसारखा बारीक. वैजयंतीनं मला जे दहा-बारा पक्षी शिकवले होते त्यांतला हा पहिला. पाच-सहा जण एकदम किणकिणत होते. सर त्यांच्या अगदी खालून गेले. त्यांनी मान वर केली नाही.

मला वाटलं, नंतर लिहितील. लिहिलं नाही. पुढं पाणवठ्यावर आम्ही टेकलो. तिथं निखारांचं नाव नव्हतं. एक खंड्या तेवढा दगडावर बसला होता. सरांनी वही उघडली आणि लिहिलं: निखार ६, चष्मेवाला १२.

"इथं निखार कुठं होते?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"बोलायचं नाही म्हटलं होतं ना?"

"पण सर, इथं नव्हते. मागे जांभळीवर होते."

"या पाणवठ्यावर निखार असतातच," ते माझ्या तोंडाकडे रोखून बघत म्हणाले. "एकतीस वर्षं असतात. तुम्ही काल आलात."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी त्या वेळी कोल्हापूरला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात कान तपासण्याच्या खोलीत कामाला होतो. दिवसातून पंधरा-वीस माणसांच्या कानांवर हेडफोन चढवायचे, यंत्रातून एकेक सूर सोडायचा, ऐकू आला की त्यांनी बटण दाबायचं, आणि मी कागदावर खुणा करायच्या. म्हातारपणी कान वरच्या सुरांकडून जायला लागतो. माणसांचं बोलणं पुष्कळ दिवस कळतं, विशेषतः समोरच्याच्या ओठांकडे बघितलं तर. कुरटुक, हळद्या, मोर हेही ऐकू येतात. पण निखार, चष्मेवाला, फुलटोच्या असले बारीक आवाजाचे पक्षी एक दिवस गप्प होतात ते कायमचे. माणसाच्या तोंडाकडे रोखून बघायची सरांची ती सवय, जिला सगळा गाव दरारा म्हणायचा, तिचाही अर्थ मला त्याच क्षणी लागला.

वाईट वाटायला हवं होतं. मला गुदगुल्या झाल्या.

परतताना राईच्या कडेला आंब्यावर दोन कावळे एका कोकिळाच्या मागे लागले होते. सर थांबले. राईत शिरल्यापासून पहिल्यांदाच ते आपण होऊन बोलले.

"वर कावळ्याचं घरटं आहे. नर कावळ्यांना असं लांब पळवतो, तेवढ्यात मादी आत शिरून अंडं ठेवते. घरचे बेसावध असले की झालं. पुढं ते पिल्लू कितीही गोजिरवाणं दिसो, घरचं नसतं." मग माझ्याकडे वळून अगदी सहज विचारल्यासारखं, "तुमची रजा कधी संपते?"

घरी गेलो तेव्हा आमची पोर पडवीत घोंगडीवर उपडी पडून पाय हलवत होती. सर तिला ओलांडून आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी ठरवूनच राईत शिरलो.

अर्ध्या तासानं मी थबकलो आणि वर बघितलं. रान चिडीचूप होतं. "सर," मी म्हणालो, "हे बारीक सी-सी कोण करतंय?"

बोलायचं नाही, असं ते या वेळी म्हणाले नाहीत. उभे राहिले, मान कलती केली. "कुठून येतंय?"

"वर. उजवीकडे."

त्यांनी उजवीकडे बघितलं. मग माझ्या तोंडाकडे. "निखार," ते म्हणाले आणि लिहिलं.

थोडं पुढं गेल्यावर मी पुन्हा थांबलो. "आणि हे टिक्-टिक्? खडे आपटल्यासारखं?"

"फुलटोच्या." या वेळी त्यांनी मान कलती करायचेही कष्ट घेतले नाहीत. लिहिलं.

तिसऱ्या वेळी आम्ही एका पडलेल्या खोडापाशी होतो. मी म्हणालो, "मोठा थवा दिसतोय. किलबिल चाललीय बघा, अगदी बारीक."

"चष्मेवाले," सर म्हणाले. त्यांचा आवाज थोडा खाली आला होता. "किती असतील?"

"तुम्हीच सांगा. मला काय कळतं?"

त्यांनी वर बघितलं. मग लिहिलं: चष्मेवाला ८.

आमच्या तपासणीच्या खोलीत काही माणसं सूर सोडलेला नसतानाही बटण दाबतात. ज्यांना ऐकू येत नाही तीच जास्त दाबतात, लाजेपोटी. तसं झालं की आम्ही तपासणी थांबवतो, हेडफोन काढतो, प्यायला पाणी देतो, इकडचं तिकडचं बोलतो. पेशंटला पकडल्यासारखं कधी वागवायचं नाही, हे मला शिकवलेलं होतं आणि मी नवीन येणाऱ्यांना शिकवत होतो.

"सर," मी त्यांच्यासमोर जाऊन म्हणालो. "मी तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा काहीही बोललं नव्हतं. एक पक्षी नाही."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. "पुन्हा बोला."

मी ओरडून बोललो. शेंड्यातलं शेकरू खडखडत पलीकडच्या झाडावर गेलं.

सरांनी वही मिटली. चेहऱ्यावरचा रंग उडाला होता, पण नजर हलली नाही. "म्हणजे तुम्ही माझी परीक्षा घेतलीत."

"माझं कामच आहे ते."

"ठाऊक आहे. बापानं भाता ओढला, तुम्ही लोकांच्या कानात यंत्रं फुंकता. धंदा बदलला, माणूस तोच."

"माझ्या बापानं लोखंडाला कधी सोनं म्हटलं नाही," मी म्हणालो. "तुम्ही नसलेले पक्षी लिहिताय. उद्या हेच दाखवणार त्या बाईंना? कालचे निखार, आजचे चष्मेवाले?"

काठी वर आली. माझ्या खांद्याच्या वितभर अलीकडे थांबली. मी हललो नाही. खरं सांगायचं तर ती बसावी असंच मला वाटत होतं.

ती बसली नाही. सरांनी काठी खाली टेकली. "सांगा उद्या सगळ्यांना," ते म्हणाले. "त्यासाठीच आला असाल."

"सांगेनच."

घरापर्यंत आम्ही वीस पावलांचं अंतर ठेवून चाललो.

दुपारी वैजयंती परसात पोरीला न्हाऊ घालत होती. मी तिला सगळं सांगितलं, चांगलं रंगवून. कोकिळाचं आधी, मग तीन पक्ष्यांचं. मला वाटलं होतं ती निदान हसेल. तिनं पोरीच्या डोक्यावरचं पाणी हातानं निपटलं आणि विचारलं, "दवाखान्यात एखाद्या म्हाताऱ्याशी असं केलं असतंस?"

"दवाखान्यातला म्हातारा माझ्या पोरीला कोकिळेचं अंडं म्हणत नाही."

"ते मी त्यांना विचारीन. माझे वडील आहेत, माझं मी बघून घेईन. तुला विचारतेय ते सांग. केलं असतंस?"

मी दोरीवरचा पंचा काढून तिच्या हातात दिला.

"आणि उद्या त्यांना उघडं पाडशील. पाड. खोटं लिहिलंय त्यांनी, मी काही त्यांची बाजू घेत नाही. पण रस्ता गेला राईतून तर तू कोल्हापूरला असशील. मी याच राईत लहानाची मोठी झाले." तिनं पोरीला पंचात गुंडाळलं. "काय करायचं ते कर. संध्याकाळी मला तोंड दाखवता येईल असं कर, म्हणजे झालं."

तिसऱ्या सकाळी राईच्या तोंडाशी जीप उभी होती. डॉ. सामंत नावाच्या अभ्यासक बाई चाळिशीच्या, पायात कॅनव्हासचे बूट, बोलणं कमी. कंपनीकडून आलेले वाळिंबे मात्र सतत बोलत होते. राई किती सुंदर आहे, रस्ता झाला की पर्यटकांना किती सोयीचं होईल, वगैरे. सरांनी दोघांना नमस्कार केला. माझी ओळख करून द्यायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "हे सोबत असतात."

पाऊण तास ठीक गेला. सरांनी दुर्बिणीतून हरियल दाखवले, धनेशाची जोडी दाखवली, घरटी दाखवली. सामंत बाई टिपून घेत होत्या. डोळे सरांचे अजून घारीसारखे होते. वाळिंब्यांचा चेहरा पडत चालला होता.

आणि मग निखार आले. खरे. त्याच जांभळीवर, शेंड्यात, पानांआड. एकही दिसत नव्हता, नुसती किणकिण.

"सर, हे वर कोण बोलतंय?" सामंत बाईंनी विचारलं. त्यांच्या मनात काही नव्हतं. खात्री करून घ्यायची म्हणून विचारलं असेल.

सर बाईंच्या तोंडाकडे बघत होते, म्हणजे प्रश्न त्यांना कळला होता. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. तोपर्यंत मी काय करणार ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. मी त्यांच्या कोपराला बोट लावलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आवाज न काढता ओठ हलवले: निखार.

त्यांना समजलं. ते एवढंसं नाव उच्चारायचं, की पुढची वाट मोकळी होती.

सरांनी कोपर झटकून घेतलं.

"मला ऐकू आलेलं नाही, बाई," ते म्हणाले. "मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. सहा वर्षं झाली."

वाळिंबे एकदम जागे झाले. "म्हणजे? सहा वर्षांच्या नोंदी बोगस?"

"परवाच्या आणि कालच्या. त्या मी अंदाजानं लिहिल्या. त्याआधीच्या पाच मोजण्या खऱ्या आहेत."

"ऐकू येत नव्हतं तर खऱ्या कशा?"

"यल्लाप्पा ऐकायचा. मला हात लावून दाखवायचा."

"हा यल्लाप्पा कोण? प्राध्यापक?"

"पोस्टमन होता. यल्लाप्पा कांबळे. सातवी पास."

वाळिंबे हसले. सामंत बाई हसल्या नाहीत. त्यांनी जीपमधून आणलेल्या सरांच्या जुन्या वह्यांतली एक काढली, मग दुसरी, मग तिसरी. पानं उलटत गेल्या. "सर, प्रत्येक पानावर निरीक्षक म्हणून ग. भा. इंगवले एवढंच आहे. कांबळ्यांचं नाव कुठं आहे?"

"नाही."

"एकाही वहीत?"

"एकाही नाही."

"का?"

वर किणकिण चालूच होती. आम्ही तिघं ती ऐकत होतो आणि ते आमच्याकडे बघत होते.

"पहिल्या वर्षापासून तो होता," ते म्हणाले. "माझा कान चांगला होता तेव्हासुद्धा त्याला माझ्याआधी ऐकू जायचं. निम्मी वही त्याची आहे, बाई. नाव घालावं असं कधी मनात आलं नाही, असं म्हणता आलं असतं. पण आलं होतं. दरवर्षी यायचं. पोस्टमन, त्यात कांबळे. माझ्या नावाच्या खाली ते नाव कसं दिसेल, असं वाटायचं."

शाळेतल्या मास्तरांनी चुकलेलं उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवावं तसं, पायरी न गाळता त्यांनी हे सांगितलं.

सामंत बाईंनी वह्या मिटल्या. "या नोंदींवर मला अहवाल देता येणार नाही," त्या म्हणाल्या. "नव्यानं मोजणी करावी लागेल. आठ सकाळी. ऐकणारा एक आणि ओळखणारा एक, दोघांची नावं रोजच्या रोज. मी अधूनमधून येऊन तपासेन." मग माझ्याकडे वळून, "तुम्हाला ओळखता येतात?"

"दहा-बारा. पण आवाज कसा आहे, किती उंच, किती वेळा, ते सांगता येईल."

"सर, चालेल?"

"चालेल," सर त्यांना म्हणाले. मला नाही.

मी रजा वाढवून घेतली. त्या आठ सकाळी आम्ही जितकं भांडलो तितकं मी आयुष्यात कुणाशी भांडलो नाही. मी म्हणायचो, चिक्-चिक् असा आवाज आहे. ते म्हणायचे, चिक्-चिक् म्हणजे काय? दोन की तीन? मधे दम घेतो का? शेवट वर जातो की खाली? मी म्हणायचो, वर. ते म्हणायचे, नीट ऐका, कान काय उसने आणलेत? मी म्हणायचो, माझे तरी चालतात. एकदा फुटकी नावाच्या एका पक्ष्याच्या आवाजावरून आम्ही पाऊण तास एका झाडाखाली हुज्जत घातली, आणि शेवटी तो पक्षी स्वतःच खाली येऊन बसला तेव्हा सरांचंच खरं निघालं. ते विजयानं हसले नाहीत. फक्त म्हणाले, "लिहा."

दुपारी ते पडवीत एकतीस वह्या घेऊन बसायचे. काय करतात ते मी विचारलं नाही. दौत, टाक आणि टिपकागद घेऊन एकेका पानावर काहीतरी लिहीत असायचे.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. अहवाल गेला, दीड वर्ष कागद फिरले, आणि रस्ता राई सोडून पलीकडच्या बाजूनं गेला. सडा मात्र खणलाच. आज तिथं तांबडा खड्डा आहे. सरांनी नातीला पहिल्यांदा उचलून घेतलं ते त्या दिवाळीत, तेही वैजयंतीनं परसात त्यांच्याशी दोन तास भांडल्यावर. त्या भांडणात मी नव्हतो.

मला सांगायचं आहे ते आठव्या सकाळचं.

राईतून उतरल्यावर सर घराकडे वळले नाहीत. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडे, कांबळ्यांची घरं होती. तिकडच्या वाटेला लागून ते थांबले. "तुम्ही चला माझ्याबरोबर," ते म्हणाले. "यल्लाप्पाची बायको तोंडावर पदर धरून बोलते. मला कळत नाही."

शेवंताबाई अंगणात चिंचा फोडत बसल्या होत्या. सरांना बघून उठल्या, पदर ओढून घेतला. बसा म्हणाल्या नाहीत.

सरांनी काखेतली एक जुनी वही उघडून त्यांच्यापुढं धरली. प्रत्येक पानावर सरांच्या नावाआधी नवीन शाईत लिहिलेलं होतं: यल्लाप्पा सिद्राम कांबळे. "सगळ्या वह्यांत नाव घातलंय," ते म्हणाले. "एकतीसच्या एकतीस. सरकारच्या कागदावरही जाईल. तुम्हाला सांगायला आलो."

शेवंताबाईंनी वहीकडे बघितलं नाही. पदराआडून, खालच्या आवाजात, अजिबात न चिडता त्या बोलल्या. बराच वेळ बोलल्या. सर वाकून, कपाळाला आठ्या घालून त्या पदराकडे बघत होते.

"काय म्हणाली?" त्यांनी मला विचारलं.

आठ दिवसांपूर्वी हे काम मला मिळालं असतं तर मी आनंदानं नाचलो असतो. आता ते नको होतं. बरं वाटलं म्हणतायत, असं सांगून मोकळं होता आलं असतं. सरांना कुठं कळणार होतं?

मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि मोठ्यानं, ओठ स्पष्ट हलवत, बाईंच्याच शब्दांत सांगितलं.

"त्या म्हणतात, आता घातलं? त्यो जाऊन चार म्हैनं झालं. पहाटं उपाशी सायकल काढून तुमच्या दारात यायचा. एकतीस वर्सांत येकदा तरी उंबऱ्याच्या आत घेतलंसा का त्येला? पडवीच्या कोनाड्यात त्येचा कप येगळा ठिवलेला. चहा पिऊन त्यो कप धुवायचा, पालथा घालायचा, आन् मग तुमच्या मागनं रानात जायाचा."

शेजारच्या दोन घरांतली माणसं दारात येऊन उभी राहिली होती. मी थांबलो.

"पुढं," सर म्हणाले.

"घरी येऊन सांगायचा, सर लई मोठा माणूस. मी म्हणायची, मोठा आसंल, पर माणूस न्हाई. आता त्ये नाव घिऊन मी काय करू? चुलीत घालू?"

सर सरळ झाले. ऊन चांगलंच चढलं होतं. "आणखी?"

"एवढंच."

ते शेवंताबाईंकडे वळले. "खरं आहे," ते म्हणाले.

त्या आत निघून गेल्या. मला वाटलं, झालं, आता जायचं. सर हलले नाहीत. दारातली माणसं बघत होती. पाच-दहा मिनिटांनी शेवंताबाई दोन कप चहा घेऊन बाहेर आल्या आणि अंगणाच्या कडेला धुण्याच्या दगडावर ठेवले. "घ्या," त्या म्हणाल्या. "हितंच."

आम्ही उन्हात उभ्यानं चहा प्यायलो. सरांचा पिऊन झाला तेव्हा ते रांजणापाशी गेले, तांब्यानं पाणी घेतलं, कप आतून-बाहेरून विसळला आणि दगडावर पालथा घातला. हात पंचाला पुसून त्यांनी बाईंना नमस्कार केला. शेवंताबाईंनी तो घेतला की नाही, मला सांगता येणार नाही.

ओढा ओलांडून आम्ही वर आलो. गावाच्या वाटेवर सर थांबले.

"एखादा शब्द गाळलात का?"

"नाही."

"बरं केलंत." ते ओढ्याकडे वळले. मग म्हणाले, "वैजूच्या आईलाही हे सांगा. असंच, सगळं. कप तीच बाजूला ठेवायची. मी बघायचो."

"ते तुम्ही सांगा," मी म्हणालो.

ते माझ्या ओठांकडेच बघत होते. नीट कळलं होतं त्यांना. तरी जरा वेळ ते तिथंच काठीवर भार देऊन उभे राहिले, आणि मग घराकडे चालू लागले.